इंजिनिअरिंगसाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप ऑनलाइन मागवावा का? (गोव्यातल्यांनी मत द्या)

डिचोलीकर
भाचीला फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. बजेट ३०-३२ हजार. माझं मत असं की एवढ्या पैशांत नवा प्लास्टिकचा डबा घेण्यापेक्षा २२-२३ हजारांत ऑनलाइन रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) लेनोवोचा थिंकपॅड टी४८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७४९० घ्यावा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून ही मशिन्स लॉटने काढून टाकतात. कीबोर्ड दणकट, रॅमचे दोन स्लॉट, मागचं झाकण सहज उघडतं. नव्या स्वस्त लॅपटॉपांत बरेचदा रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, वाढवायची सोयच नाही. मेव्हणे म्हणतात, "पोरीला दुसऱ्याचं उतरलेलं कशाला?" हे कारण मला पटत नाही. विरोध करा, पण मुद्द्याने करा.

म्हापशेकर
घ्या मुद्दा. टी४८० हे २०१८ चं मॉडेल. त्यातला इंटेलचा आय५ प्रोसेसर आठव्या पिढीचा, चार कोअरचा. आज स्वस्त नव्या लॅपटॉपांत येणारा आय३-१२१५यू सहा कोअरचा आहे आणि त्या आय५ला सहज मागे टाकतो. स्टिकरवरचा '५' बघून हुरळू नका. पोरगी डिग्री घेऊन बाहेर पडेल तेव्हा मशीन डझनभर वर्षांचं झालेलं असेल. आणि ते आलंय कुठून, हे विक्रेत्यालाही धड माहीत नसतं.

केरीची वहिनी
मी वेगवान-बिगवान काही सांगत नाही, आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलासाठी एका साइटवरून 'ए ग्रेड', म्हणजे जवळजवळ नव्यासारखा, मागवला. फोटोत चकचकीत. आला त्याच्या झाकणावर जुन्या कंपनीच्या स्टिकरचा चिकटा, ते चाललं असतं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात पांढरा डाग, आणि तापला की तो पसरायचा. परत करायला गेले तर ॲप म्हणतं, तुमच्या पिनकोडवर रिटर्न पिकअप नाही. आणून द्यायला पिनकोड चालतो, न्यायला चालत नाही! स्वतः कुरिअर करा म्हणाले, पावती पाठवा म्हणाले, मग पावती दिसत नाही म्हणाले. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली तेव्हा पैसे आले. तोवर मुलाने सबमिशनं मित्राच्या लॅपटॉपवर उरकली होती.

डिचोलीकर
वहिनी, म्हणूनच पत्ता पणजीचा द्यायचा, तिथे पिकअप मिळतो. आणि कायदा आपल्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. नाहीच ऐकलं तर आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, विक्रेत्याच्या गावी धावावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीदेखील नाही.

केरीची वहिनी
कायदा आहे हो भाऊ. पण सबमिशन सोमवारी असतं.

स्क्रू-ड्रायव्हर
माझं दुरुस्तीचं दुकान आहे. नवा घ्या नाहीतर जुना, शेवटी माझ्याकडेच येता, तेव्हा मला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी ही खालची रेघ. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीपर्यंतची जवळजवळ सगळी मशिन्स विंडोज ११ च्या यादीत नाहीत. तरी विक्रेते त्यांच्यावर ११ जबरदस्तीने चढवून विकतात. पुढे मोठा अपडेट आला की रडारड.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग्ज) शिरून बघा, पासवर्ड मागितला तर सरळ परत. मग विंडोज पुन्हा टाका आणि इंटरनेट जोडा. जुन्या कंपनीच्या नोंदीतून मशीन सुटलेलं नसेल तर सेटअपमध्येच त्या कंपनीचं लॉगिन समोर येतं. विक्रेत्याने टाकून दिलेल्या विंडोजवर हे कळत नाही, म्हणून लोक फसतात. बॅटरीत किती जीव उरलाय ते दाखवणारा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. बाहेरची नवी घालून देतात आणि आतली मेलेली तशीच ठेवतात. त्याच मॉडेलच्या टाइप-सी पोर्टचा थंडरबोल्ट फर्मवेअर (पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) जुना असेल तर पोर्ट निकामी होऊ शकतो. कंपनीनेच त्यासाठी अपडेट दिलाय, तो आधी टाका.

आता एक गोष्ट जी इथे कुणी बोलत नाही. गोव्यातला किनाऱ्यावरचा जुना लॅपटॉप मी उघडतो तेव्हा पोर्टांवर हिरवट थर आणि स्क्रूंना गंज ठरलेला. कळंगुटच्या रिसेप्शन काउंटरवर पाच पावसाळे काढलेल्या मशीनपेक्षा बंगळूरच्या एसी ऑफिसातलं मशीन मला कधीही चालेल.

म्हापशेकर
ही एवढी यादी वाचून साधा माणूस पळून जाईल. माझं म्हणणं तेच आहे! ज्याला बायोस कळतो त्याने खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी दोन हजार जास्त मोजून पणजीत नाहीतर म्हापशात दुकानातून घ्यावा. बंद पडला तर सकाळी शटर वर जायच्या आधी दारात उभं राहता येतं.

डिचोलीकर
आणि तो दुकानदार बिल देतो का? "बिल हवं तर रेट वेगळा", हे मी म्हापशातच ऐकलंय. ऑनलाइन निदान बिल येतं. सिरियल नंबर घातलेलं बिल हातात नसेल तर दारात उभं राहून भांडणार कशावर?

म्हापशेकर
बिल मागून घ्यायचं असतं, बाब. नाही दिलं तर पुढचं दुकान.

फोंड्याचा मास्तर
सगळे भांडताहेत, पण मुलगी कुठल्या ब्रँचला ते कुणी विचारलंच नाही.

डिचोलीकर
मेकॅनिकल.

फोंड्याचा मास्तर
मग हिशेब बदलतो. कॉम्प्युटरवाल्यांना सी, पायथन, डेटाबेस यांसाठी टी४८० पुरतो. मेकॅनिकलला पहिलं वर्ष निघेल, ऑटोकॅडमधली टू-डी ड्रॉइंगही निघतील. पण थ्री-डी मॉडेलं आणि मोठ्या असेंब्ली सुरू झाल्या की या मशिन्सचं अंगचं ग्राफिक्स धापा टाकतं. तेव्हा एकतर कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची तयारी ठेवा, नाहीतर आत्ता २२ हजार घालू नका, थोडे साठवून वेगळं ग्राफिक्स असलेलं घ्या.

डिचोलीकर
लॅब आहेच की. आणि उरलेल्या पैशांत रॅम १६ जीबी करून घेतली तर?

म्हापशेकर
रॅम घालून ग्राफिक्स कार्ड उगवत नाही, भाऊ.

स्क्रू-ड्रायव्हर
घेणारच असाल तर स्क्रीन फुल एचडी आहे ना ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. टी४८० मध्ये १३६६ बाय ७६८ वालीही येते आणि जाहिरातीत ते लिहीत नाहीत. त्या स्क्रीनवर ऑटोकॅडचे टूलबारच अर्धी जागा खातात.