बास गिटारसाठी कोरस पेडल हवंय, पण खालचा आवाज जाता कामा नये

खालचा_बी
नमस्कार मंडळी. आमचा पुण्यात पाच जणांचा बँड आहे. भावगीतं, ऐंशी-नव्वदच्या दशकातली हिंदी-मराठी गाणी आणि सीझनमध्ये लग्नाची रिसेप्शन्स, असं आमचं काम चालतं. मी पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आत प्रीअँप असलेला) बास वाजवतो. संथ गाण्यांत बासचा सूर जरा पसरावा, पाण्यावर हलल्यासारखा वाटावा असं फार दिवस मनात आहे, म्हणून आमच्या गिटारवाल्याचा कोरस मागून घेतला. घरी हेडफोनवर अप्रतिम वाटला. प्रॅक्टिसला ड्रम सुरू झाले आणि बास गायब! बोटांचा टकटक आवाज येतो, वरची खळखळ येते, पण ज्यासाठी बास असतो ते पोटात बसणारं काहीच नाही. आवाज वाढवला की नुसता कर्कश होतो.

बजेट दहा-बारा हजार. स्टेजवर अँप नसतो, डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) थेट मिक्सरला जातो. 'बास कोरस' असं लिहिलेलं पेडल खरंच वेगळं असतं, की नाव बदलून विकतात? कोणतं घेऊ?

मंद्रसप्तक
वेगळं असतं, आणि तुझ्या कामाला ते वेगळेपण लागणारच आहे. आधी बास का गायब होतो ते सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काहीही गळ्यात मारणार नाही.

कोरस म्हणजे तुझाच आवाज काही मिलिसेकंद उशिरा मूळ आवाजात मिसळणं, आणि तो उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहणं. दोन्ही आवाज सारख्याच ताकदीचे असतील, तर त्या उशिरानुसार एक ठरावीक सूर कापला जातो. उशीर १० मिलिसेकंद असेल तर ५० हर्ट्झला दोन्ही लहरी बरोबर उलट्या पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. ५ मिलिसेकंद असेल तर हेच १०० हर्ट्झला होतं. आता तुझ्या तारा बघ. मोकळा ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. १२ मिलिसेकंदांच्या आसपास उशीर गेला की नेमका मोकळा ई साफ. ९ च्या आसपास ए. कोरसचा उशीर याच पट्ट्यात फिरत असतो, त्यामुळे तुझ्या खर्जातून एक भोक सतत पुढेमागे सरकतंय. एका फेरीला दोन सेकंद लागतील असा रेट ठेवलास, तर धरून ठेवलेल्या सुराचं मूळ साधारण सेकंदाला एकदा खचणार. गिटारवाल्याला हे जाणवत नाही, कारण त्याची सगळ्यात खालची तारच ८२ हर्ट्झला सुरू होते आणि त्याच्या खालचं सांभाळायला तू आहेस.

हेडफोनवर तुला वरचे स्वरांश भरपूर ऐकू येत होते, मेंदू त्यावरून मूळ सूर भरून काढतो. ड्रम आले की किक आणि झांजांखाली ते स्वरांशही दबतात, मग उरतं काय?

बासच्या कोरसमध्ये यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या खालचा भाग कोरसमध्ये जाऊच न देणं. दुसरा म्हणजे हा उशिरा येणारा, हलता आवाज मूळ आवाजाच्या किती पट मिसळायचा याचा वेगळा नॉब. हलता आवाज अर्धाच ठेवला तर ते भोक संपूर्ण पडत नाही, सहा डेसिबलचा खड्डा पडतो. तेवढं बँडमध्ये निभतं. या दोन्हींपैकी निदान एक तरी सोय असेल तेच पेडल घे. नाव कोणाचं का असेना.

माझं मत विचारशील तर बॉस कंपनीचा सीईबी-३. त्यात दोन्ही आहेत: लो फिल्टर आणि इफेक्ट लेव्हल. नवा घेतलास तर बजेटच्या काठावर जाईल, जुना मिळाला तर आत बसेल. बॉसची पेडलं जुनी घ्यायला हरकत नसते, खोकं दणकट असतं. फक्त पायाने दाबायचा स्विच चार-पाच वेळा दाबून बघ आणि सगळे नॉब फिरवून खरखर येते का ते ऐक.

धोबीतलाव
सीईबी-३ ला +१. मुंबईत येणं झालं तर धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये किंवा भार्गवाजमध्ये जा, पण जाताना स्वतःचा बास ने. दुकानातल्या चार तारांच्या पॅसिव्ह बासवर ऐकून तुला काहीच कळणार नाही.

तापकीर_गल्ली
मंद्रसप्तक यांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी आतल्या बाजूने थोडी भर घालतो.

जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग कोरसमध्ये उशीर करायला बकेट ब्रिगेड जातीची चिप असते. ही कल्पना १९६९ मध्ये फिलिप्समध्ये निघाली. आवाजाचा एकेक तुकडा एका कपॅसिटरमधून पुढच्या कपॅसिटरमध्ये ओतत न्यायचा, हे ओतणं ज्या ठेक्यावर चालतं ते क्लॉक जेवढं संथ तेवढा उशीर जास्त. बॉसचा सीई-१ कोरस १९७६ चा, तो रोलँडच्या जाझ कोरस अँपमधल्या सर्किटवरून आला. नंतर एमएन३००७ सारखी १०२४ टप्प्यांची चिप पेडलांमध्ये सर्रास आली. तिला १०० किलोहर्ट्झचं क्लॉक दिलं की उशीर साधारण ५ मिलिसेकंद येतो. म्हणजे वर सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्याच्या अगदी तोंडाशीच. बॉसने बाससाठी वेगळा सीई-२बी १९८७ मध्ये काढला, त्यामागे हीच अडचण असणार हे उघड आहे.

तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट: तुझा बास अ‍ॅक्टिव्ह आहे. या चिपा फार मोठा सिग्नल पेलू शकत नाहीत. बासमधल्या प्रीअँपवर लो आणि हाय दोन्ही चढवून जोरात तार ओढलीस, तर कोरसमधला आवाज फाटतो आणि माणूस समजतो की पेडल खराब आहे. पेडल लावशील तेव्हा बासवरचे ईक्यू नॉब मधोमध ठेव, बासचा व्हॉल्यूम थोडा उतरव आणि जेवढं वाढवायचं तेवढं मिक्सरवर वाढव. खात्री करायची असेल तर खालचा बी (तुझी पाचवी, सगळ्यात जाड तार) जोरात मार आणि सूर विरताना ऐक. सुरुवातीला चरचर आणि मग स्वच्छ होत गेला तर सिग्नल जास्त जातोय.

आणि अडॅप्टर. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट, मधली पिन ऋण. आपल्याकडे रस्त्यावर मिळणाऱ्या बारा व्होल्टच्या राऊटरच्या अडॅप्टरची पिन तंतोतंत बसते, आणि त्यात बहुधा मधली पिन धन असते. बसतंय म्हणून लावू नकोस. मीटर नसेल तर अडॅप्टरवरचं छोटं चित्र बघून घे.

पणजीकर
मी वेगळं सुचवतो. खालचा_बी, तू रिसेप्शन करतोस म्हणालास. आमचंही इथे गोव्यात तेच. सीझनला लग्नं, आणि तियात्राचा (इथल्या कोकणी संगीत नाटकाचा) पिटातला बँड. एका रात्रीत पाच प्रकारची गाणी येतात, आणि त्यातल्या दोन-तीन गाण्यांत कोरस लागतो. तेवढ्यासाठी सगळं बजेट एकाच पेडलवर घालण्यापेक्षा झूम बी१ फोर सारखं बासचं मल्टी (एकाच खोक्यात अनेक इफेक्ट) घे. त्यात कोरसही आहे, कंप्रेसर (जोरातले-हळू सूर एका पातळीला आणणारा) आहे, ट्यूनर आहे, घरी सरावाला ताल आणि लूपर आहे, आणि चार पेन्सिल सेलवर चालतं. मांडवात प्लग शोधावा लागत नाही. ट्यूनरसाठी वेगळे पैसे लागत नाहीत हा हिशोबही धर.

मंद्रसप्तक
@पणजीकर, हिशोब पटतो, आवाजही वाईट नाही. माझी अडचण अंधारात आणि घाईत होते. गाण्याच्या मध्यावर गायिका हात करून 'अजून एक अंतरा' म्हणते आणि तेव्हा मला रेट किंचित उतरवायचा असतो. समोर नॉब असला की वाकून अर्ध्या सेकंदात काम होतं. मल्टीमध्ये पॅच (साठवून ठेवलेलं सेटिंग) बदलताना आवाजाची पातळी सारखी ठेवणं हे सुद्धा घरी बसून नीट करावं लागतं, नाहीतर कोरसचा पॅच लागला की साउंडवाला दचकून फेडर खाली ओढतो आणि परत वर करायला विसरतो.

पणजीकर
पॅचची पातळी बँडबरोबर एकदा बसवली की वर्षभर बघावं लागत नाही. पण हो, ते काम एकट्याने हेडफोनवर करायचं नाही, सगळे वाजत असतानाच करायचं.

खालचा_बी
खूप धन्यवाद! उशीर आणि तारांचा हिशोब वाचून डोक्यात लख्ख झालं. दोन प्रश्न. एक: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा बास क्लोन एकाकडे वापरलेला आहे, आठ हजार म्हणतोय. तो कसा? दोन: आमच्याकडे भावगीतांना हार्मोनियम असते. कोरस लावला की बास बेसूर वाटतो असं आमच्या हार्मोनियमवाल्या काकांचं म्हणणं आहे. त्यांचे कान फार तयार आहेत, मला त्यांना दुखवायचं नाही.

फ्रेटलेस_सातारा
काका बरोबर बोलतायत. कोरसमधला उशीर बदलत असतो तेव्हा मिसळणारा आवाज खरोखरच थोडा चढतो आणि उतरतो. डेप्थ (उशीर किती कमी-जास्त होतो ते) आणि रेट (किती वेगाने होतो ते) दोन्ही वाढवले की हे चढणं-उतरणं फार मोठं होतं. हार्मोनियमच्या पट्ट्या जागच्या हलत नाहीत, त्यामुळे बासने 'सा' धरून ठेवला की फरक लगेच कळतो. कीबोर्डच्या पॅडबरोबर तेच झाकलं जातं, म्हणून तुला कदाचित कळलं नसेल.

माझा नियम सोपा आहे: रेट वाढवला की डेप्थ उतरवायची. भावगीताला रेट अगदी तळाशी, डेप्थ मधल्याहून कमी, आणि हलता आवाज इतकाच की बंद केल्यावर कळावं काहीतरी गेलं. फ्रेटलेसवर (पट्ट्या नसलेल्या बासवर) तर मी आणखी कमी ठेवतो, कारण बोटाचं आंदोलन असतंच. आणि मुखडा बिनकोरस, फक्त अंतऱ्याआधीच्या संगीतात कोरस, असं करून बघ. काकांच्या सुरावर तू तेव्हा बसलेला नसतोस.

वरच्या पट्टीत मात्र मोकळेपणाने वापर. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या पीटर हूकने बासवर वरच्या पट्ट्यांत चाली वाजवल्या आणि त्याला इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा क्लोन थिअरी हा कोरस लावला, तो आवाज तिथूनच ओळखीचा झाला. कोरस तिथे फुलतो, कारण मूळ सूरच भोकाच्या वर असतो.

तापकीर_गल्ली
बास क्लोनबद्दल: हा त्यांच्या स्मॉल क्लोन या कोरसचाच बाससाठीचा भाऊ. क्रॉसओव्हरचा स्विच आहे, तो लावला की खालचा भाग कोरसमधून निघून जातो. शिवाय बास आणि ट्रेबलचे नॉब. म्हणजे तुझी मुख्य अट पुरी होते. क्रॉसओव्हर शंभर हर्ट्झच्या आसपास धरला तरी तुझ्या पाचही मोकळ्या तारांचा मूळ सूर त्याच्या खाली सुरक्षित राहतो, आणि जी तारेच्या दुसऱ्या पट्टीपासून वर चाललास की कोरस पूर्ण लागायला लागतो. संथ गाण्याला हीच वाटणी हवी. सीईबी-३ मध्ये ही सीमा नॉबने हलवता येते, यात स्विच आहे, हा फरक. आठ हजार चालू स्थितीतल्या पेडलला मला थोडे जास्त वाटतात, सातला माग.

टीसी इलेक्ट्रॉनिकचा कोरोना हा कोरसही विचारात घे. तो डिजिटल आहे, पण मूळ आवाज अ‍ॅनालॉगच पुढे जातो, लेव्हलचा वेगळा नॉब आहे, आणि फोनमधून बाससाठीचे टोनप्रिंट (तयार सेटिंग) बासच्या पिकअपजवळ फोन धरून भरता येतात. एमएक्सआरचा बास कोरस डिलक्स सुंदर आहे, पण नवा तुझ्या बजेटमध्ये येणार नाही. बेहरिंगरचा बीयूसी४०० सगळ्यात स्वस्त. खोकं प्लास्टिकचं आहे, तेव्हा बॅगेत गुंडाळून ने, पण महिनाभर वापरून आपल्याला कोरस खरंच लागतो का हे ठरवायला तो उत्तम.

धोबीतलाव
स्टिरिओच्या नादी लागू नको. दुकानदार दोन आउटपुट दाखवतो, पण तू डीआयमधून एकाच चॅनेलला जातोस. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये पीए (हॉलचे स्पीकर) मोनोच चालवतात. एकाच आउटपुटमधून ऐकूनच ठरव.

खालचा_बी
ठरलं असं: बास क्लोनवाला पेडल घेऊन रविवारी आमच्या प्रॅक्टिसला यायला तयार झालाय, आणि एका मित्राचा सीईबी-३ त्याच दिवशी मिळतोय. काकांसमोरच दोन्ही वाजवून बघतो. क्रम कसा लावू? माझ्याकडे कंप्रेसर आहे.

मंद्रसप्तक
बास, कंप्रेसर, कोरस, डीआय. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) कधी घेतलास तर तोही कोरसच्या आधी.

रविवारी ड्रमरला साधा केहरवा धरायला सांग आणि तू मोकळा ई आणि मोकळा ए लांब धरून वाज. दुसऱ्या कोणाला तरी पेडल चालू-बंद करायला लाव, आणि तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, केबल लांब असेल तर. चालू केल्यावर किकबरोबरचं वजन तेवढंच राहिलं पाहिजे. मग चालू आणि बंदमध्ये आवाजाची पातळी सारखी आहे का ते बघ. जे पेडल किंचित जास्त मोठं वाजतं ते नेहमी जास्त चांगलं वाटतं, म्हणून दोन्ही आधी सारख्या पातळीला आणून मग तुलना कर. दोन्ही एकाच अडॅप्टरच्या साखळीवर लावू नकोस, तुलनेपुरते वेगळे अडॅप्टर दे, म्हणजे शीळ आली तर कोणाची ते कळेल.

आणि दोन्हींत फार फरक वाटला नाही, तर सीमा नॉबने हलवता येते म्हणून मी सीईबी-३ घेईन. तुला खालचा बी आहे, ३१ हर्ट्झचा. ती सीमा गाण्यागणिक हलवावीशी वाटेल.