मदत हवी आहे : घराखालच्या पर्माफ्रॉस्टचं तापमान स्थिर, तरी घर खचतंय

गोल्डस्ट्रीमकर :
नमस्कार मंडळी. आम्ही अलास्कात फेअरबँक्सजवळ गोल्डस्ट्रीम खोऱ्यात राहतो. घराखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन. घर लाकडी, खांबांवर उभं, प्रत्येक खांबाखाली स्क्रू जॅक. जमीन खचली की जॅक फिरवून घर लेव्हलला आणायचं, ही इथली नेहमीची पद्धत. पण गेल्या उन्हाळ्यापासून स्वयंपाकघराचा कोपरा जास्तच बसलाय. ओट्यावर तेल सांडलं की खिडकीकडे ओघळतं, कपाटाची दारं आपोआप उघडतात.

म्हणून अंगणात 6 मीटर खोल बोअर मारून घेतलं. आत तळाशी बंद केलेला प्लास्टिकचा पाइप, त्यात थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) माळ, दर मीटरला एक सेन्सर. 4 मीटरवर वर्षभर उणे 0.3 अंश सेल्सिअस, ढिम्म हलत नाही. बोअरवाला म्हणतो, 'आकडा स्थिर म्हणजे जमीन स्थिर.' मग घर का खचतंय? उत्तरेला, अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या डेडहॉर्सकडे जमीन भराभर तापतेय म्हणतात, इथे का नाही? पाइप घरापासून लांब, स्प्रूसच्या झाडांत आहे. दुसरं बोअर घरालगत मारावं का? खर्च अंगावर येतो हो.

ट्रोम्सोकर :
बोअरवाल्याचं ऐकू नका. शून्याजवळ आलेल्या गोठलेल्या मातीत उष्णता शिरली, की ती तापमान वाढवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात खर्च होते. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल. त्यात तुमच्याकडची माती म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेला बारीक गाळ. त्यात उणे 0.3 लाही थोडं पाणी न गोठता असतंच, म्हणजे वितळणं शून्याआधीच सुरू होतं. डेडहॉर्सची जमीन पुष्कळ थंड, म्हणून तिथे उष्णता थेट आकड्यात दिसते. 2007 ते 2016 मधल्या जगभरच्या बोअरच्या नोंदींतही हेच आहे : सलग पर्माफ्रॉस्टच्या पट्ट्यात सरासरी 0.39 अंश वाढ, तुमच्यासारख्या तुटक (मधूनमधूनच गोठलेल्या) पट्ट्यात 0.20.

सेन्सरवेडा :
आधी सेन्सरची अचूकता सांगा. अर्ध्या अंशाची चूक चालणारा स्वस्त सेन्सर असेल, तर उणे 0.3 ला काही अर्थ नाही. थर्मासमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा चुरलेला बर्फ आणि थोडं तेच पाणी घाला, माळ बुडवा, तासाभराने शून्यापासून किती फरक पडतो ते प्रत्येक सेन्सरचं लिहून ठेवा.

फेअरबँक्सची सून :
दुसऱ्या बोअरआधी एक लांब पोलादी सळई घ्या. सप्टेंबरअखेर जमीन सर्वांत खोल वितळलेली असते, तेव्हा घरालगत आणि झाडांत सळई खुपसून कडक, गोठलेला थर कुठे लागतो ते मोजा. झाडांतला पाइप झाडांखालचीच गोष्ट सांगणार. इथल्याच फार्मर्स लूप रोडला 1946 मध्ये लष्करी अभियंत्यांनी तीन तुकडे आखले होते. झाडं-शेवाळ सगळं काढलेल्या तुकड्यात 26 वर्षांत पर्माफ्रॉस्ट 6.7 मीटर खोलीपर्यंत वितळला. नुसती झाडं तोडून शेवाळ ठेवलेल्यात 4.7 मीटर. झाडांचा तुकडा होता तसाच राहिला. तुमच्या घराभोवतीचं शेवाळ काढलंय का? आणि छपराचं पाणी, बाजूला सारलेला बर्फ त्याच कोपऱ्यात साचतो का? बर्फाचा ढीग हिवाळ्याची थंडी जमिनीत उतरू देत नाही.

गोल्डस्ट्रीमकर :
शेवाळ आधीच्या मालकाने काढून खडी टाकलीय. आणि हो, ड्राइव्हवेचा सगळा बर्फ त्याच कोपऱ्यात ढकलतो आम्ही. सळई किती लांबीची घेऊ?

फेअरबँक्सची सून :
दोन मीटरची, वर आडवी मूठ असलेली. पूर्ण आत गेली आणि तरी कडक थर लागला नाही, तर मग मात्र घरालगत बोअर माराच.