मदत हवी आहे: एफआयआरची प्रत दृष्टिहीन फिर्यादीला वाचता येत नाही, दाद कुठे मागावी?

नमस्कार मंडळी,

माझे काका पूर्ण दृष्टिहीन आहेत. मोबाईल आणि संगणक ते स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सफाईने वापरतात, बँकेचे व्यवहार स्वतः करतात. घरफोडीच्या एका गुन्ह्यात ते फिर्यादी आहेत. आपली फिर्याद पोलिसांनी नेमकी कशी लिहून घेतली, हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून वाचून न घेता तपासायचं आहे. तिथेच घोडं अडलं आहे.

पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं, तारीख भरली की कॅप्चा येतो. तो ऐकवण्याची सोय नाही, म्हणून मी भरून दिला. उतरलेली पीडीएफ स्कॅन केलेली निघाली, म्हणजे मजकूर नाहीच, कागदाचा फोटो. स्क्रीन रीडर गप्प. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) केलं, तर छापील रकाने बरे आले, पण चोरीस गेलेल्या मालाच्या यादीत आकडे आणि जोडाक्षरं बिघडली. जी यादी सगळ्यात जपून तपासायची, तीच भरवशाची नाही.

ठाणे अंमलदारांनी आपुलकीने ऐकून घेतलं, छापील प्रत मोफत दिली. मजकुराची फाईल मात्र त्यांच्या हातात नव्हती. त्यांचा दोष मला वाटत नाही. फिर्याद सीसीटीएनएसवर (पोलीस ठाण्यांना जोडणारी संगणक प्रणाली) टाईपच होते. तो मजकूर छापायचा, सह्या घ्यायच्या आणि कागद पुन्हा स्कॅन करून वर चढवायचा, ही पद्धत बदलायला हवी आणि ती ठाण्याच्या पातळीवर बदलणार नाही.

मला माहीत असलेलं एवढं: सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितलं (संवेदनशील गुन्हे वगळून, नेटवर्कची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास). एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दोन्ही एकत्र वाचले तर न वाचता येणारी प्रत टाकून जबाबदारी संपत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अर्ज कुणाच्या नावे करावा? कुणी असा पाठपुरावा केला आहे का?

(त्याच संकेतस्थळावर ठाण्यांचे फोन नंबरही चित्राच्या रूपात आहेत. घाबरलेल्या माणसाला ते कॉपीसुद्धा करता येत नाहीत. अर्जात हेही घालणार आहे.)

प्रतिसाद १

पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहा, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं या दोन्हींचा उल्लेख हवा. सोबत माहिती अधिकारात विचारा: संकेतस्थळाची सुगम्यता तपासणी कधी झाली आणि अहवाल कुठे आहे?

आणखी एक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवायची असते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही चालते. ती स्कॅन करून नको, मजकुरात हवी, हे आत्ताच मागून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. ९० दिवसांचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता, काकांना लगेच सांगतो. अर्ज ते स्वतः टाईप करणार आहेत.

एक तांत्रिक शंका उरते. सहीसाठी स्कॅन लागतोच, असं उत्तर येईल. मजकूर तसाच ठेवून पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी करता येते, हे मला ठाऊक आहे. पण मराठी युनिकोड पीडीएफ स्क्रीन रीडरला नीट वाचता यावी म्हणून ती बनवताना काय काळजी घ्यायची? टॅगिंगचं (पीडीएफमध्ये शीर्षक, परिच्छेद, तक्ता अशा खुणा घालण्याचं) काम केलेल्या कुणी चार ओळी लिहिल्या तर त्या अर्जाला जोडता येतील.