लाईटचा, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचाराचा, त्रास कुणाला होणार हे स्कॅनवर दिसत असेल, तर बाईला आधी सांगायला नको का?

कल्याणची लेक
आईला 2021 साली गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. मुंबईतल्या एका रुग्णालयात बाहेरून 25 लाईट, दर आठवड्याला केमो आणि शेवटी आतली लाईट, म्हणजे ब्रॅकी, असे उपचार झाले. आजार गेला आणि अजून परतलेला नाही. त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण सव्वा वर्षाने संडासवाटे रक्त पडू लागलं. आईने दोन महिने कुणाला कळू दिलं नाही. संडासात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय ती बाहेर यायची नाही. कॅन्सर परत आला, असंच तिने मनाशी धरलं होतं. भाचीच्या लग्नासाठी म्हणून स्वतःच्या पाटल्या मोडायला काढल्या, तेव्हा मला संशय आला.

तपासणीत कळलं की लाईटमुळे गुदाशयाच्या अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त येतंय. "होतं असं कधीकधी," एवढंच आम्हाला सांगितलं.

सीटी-एमआरआयवरून असा त्रास कुणाला होईल याचा अंदाज कॉम्प्युटरने बांधण्यावर संशोधन चालू आहे, हे हल्लीच वाचलं. लाईट नेमकी कुठे द्यायची हे ठरवायला प्लॅनिंगचा स्कॅन तर प्रत्येकीचा होतोच. मग अंदाज काढा आणि तिला सांगा. यात चुकीचं काय?

रात्रपाळी
मी रेडिएशन विभागात निवासी डॉक्टर आहे. तुमचं दुःख समजतं, तरी मला हे पटत नाही. अंदाज बांधणारी ही कॉम्प्युटरची मॉडेलं स्कॅनमधल्या करड्या ठिपक्यांचा पोत मोजतात. मशीन बदललं, नुसती स्लाइसची जाडी बदलली, तरी तो पोत बदलतो. एका रुग्णालयातल्या थोड्या बायकांवर बेतलेलं मॉडेल दुसरीकडे तसंच चालेल याचा भरवसा नाही. शिवाय आकडा हातात आला की करणार काय? भीतीपोटी डोस कमी केला तर गाठ राहील, आणि राहिलेली गाठ जीव घेते.

मशीन आणि माणसं वाढवा, त्याने त्रास खरोखर कमी होतो. टाटा मेमोरियलने 2011 ते 2019 या काळात 300 बायकांवर चाचणी केली. या सगळ्यांना शस्त्रक्रियेनंतर लाईट द्यायची होती. निम्म्यांना साधी 3डी पद्धत, निम्म्यांना स्कॅन पाहत दिलेली आयएमआरटी, म्हणजे किरणांचा जोर जागेनुसार कमीजास्त करणारी पद्धत. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास पहिल्या गटात 42.4 टक्के, दुसऱ्या गटात 21.1 टक्के. स्कॅनचा असा उपयोग करा, भविष्य सांगायला नको.

धर्मशाळेतली ताई
डॉक्टरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. मी परळ-दादर भागात बाहेरगावच्या रुग्णांची सोय बघते. नांदेड, जळगाव, सोलापूरहून बायका येतात, घरी लेकरं शेजारणीवर सोडून. शंभरातल्या तीस जणींना रक्त पडतं, असा आकडा कुणी यातल्या एकीच्या कानावर घातला, तर संध्याकाळी नवरा गाडीचं तिकीट काढतो. बाहेरची आणि आतली लाईट मिळून सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं लागतं. ते लांबलं तर आजार हटत नाही. अर्धवट सोडून गेलेली बाई वर्षाने परत आली, की तिच्याकडे बघवत नाही.

एकेचाळिसावं
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हे मला मान्य नाही. बाई घाबरेल म्हणून बाईला सांगायचं नाही, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. मी उपचार घेतले तेव्हा 41 वर्षांची होते. लाईटनंतर योनीमार्ग आकसतो, तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर वापरायचा असतो, हे मला कुणीही सांगितलं नाही. वर्षभराने तपासणीच्या वेळी कळवळले तेव्हा समजलं. तोवर नवऱ्याला वाटत होतं की मी त्याला टाळते. आधी कळलं असतं तर मी पळून गेले नसते. औषधाच्या दुकानातून डायलेटर आणला असता.

किरणमोजणी
मी मेडिकल फिजिसिस्ट. दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरताहेत. अंदाज बांधायला नवीन कॉम्प्युटरची वाटच बघायला नको. ब्रॅकीच्या वेळी सीटी किंवा एमआरआय काढला, की गुदाशयाच्या सगळ्यात जास्त किरणं लागलेल्या 2 घन सेंटिमीटर भागाला किती डोस गेला ते आम्ही मोजतो. 2 घन सेंटिमीटर म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही. बाहेरची आणि आतली लाईट मिळून, जैविक परिणामाच्या हिशोबाने, हा आकडा 65 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) आत असला तर त्रास सहसा कमी आणि सौम्य. 75 च्या वर गेला की मोठ्या त्रासाची, अगदी फिस्टुलाचीही, म्हणजे गुदाशयाला भोक पडून शेजारच्या अवयवाशी वाट तयार होण्याची, भीती. मधुमेह, धूम्रपान, पोटाचं आधीचं ऑपरेशन यांनी हिशोब बदलतो, पण दिशा कळते.

एमआरआय बघून ब्रॅकी देण्याचा युरोपातून सुरू झालेला एम्ब्रेस अभ्यास 1341 बायकांचा होता. पाच वर्षांनी 92 टक्के जणींची मूळ जागेची गाठ आटोक्यात होती. म्हणजे डोस घाबरून कमी केला नाही, तो नेमक्या जागी दिला. डॉक्टर, तुमचा मुद्दा इथे बरोबर आहे. पण मोजलेला आकडा फाईलमध्ये पडून राहतो, त्याचं काय?

आणखी एक. प्लॅनिंगचा स्कॅन एका दिवसाचा असतो. मूत्राशय आणि आतडी रोज जागा बदलतात.

कल्याणची लेक
हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रोज लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि थांबायचं, म्हणजे भरलेलं मूत्राशय आतडी वर ढकलतं. बाकड्यावर सगळ्या बायका मांडीवर बाटल्या घेऊन बसायच्या. मशीन अडलं की नंबर तासभर पुढे जायचा. एकदा आईला धरवलं नाही. साडी ओली झाली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती गुपचूप दोनच घोट पाणी प्यायची. त्या दिवसांत आतडी कुठे होती, हे कुणी पाहिलं का, मला माहीत नाही.

रात्रपाळी
हे वाचून गप्प झालो. पाणी का प्यायचं, हे आम्ही घाईत एका वाक्यात उरकतो. मॉडेलबद्दलचं मत बदललेलं नाही. पण मोजलेला डोस कागदावर द्यायला माझा विरोध नाही. तो कधी द्यावा यावर ताईंचं ऐकावं. शेवटच्या लाईटच्या दिवशी द्या, सुरुवातीला नको.

एकेचाळिसावं
डायलेटरचं मात्र पहिल्या दिवशी सांगा.

धर्मशाळेतली ताई
शेवटच्या दिवशी चालेल. पण कागद मराठीत हवा, आणि रक्त दिसलं तर कुठल्या खिडकीवर यायचं ते त्यावर मोठ्या अक्षरात हवं. घाबरून घरी बसणाऱ्या बायका मीही पाहिल्यात.

किरणमोजणी
कल्याणच्या ताई, आईंची ट्रीटमेंट समरी मागून घ्या. गुदाशयाच्या त्या 2 घन सेंटिमीटरचा डोस 'रेक्टम 2 सीसी' असा लिहिलेला असेल. पुढे कुठेही दुर्बिणीची तपासणी करायची झाली, तर आधी हा कागद दाखवा. लाईट लागलेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला तर तिथे भोक पडू शकतं.

कल्याणची लेक
आज समरी मिळाली. 73 आहे. सोमवारी पोटाच्या डॉक्टरांकडे जायचंय, फाईलमध्ये हा कागद सगळ्यात वर लावलाय. आईने विचारलं, "हे माझं आहे का?" हो म्हटल्यावर चष्मा लावून बराच वेळ बघत बसली होती.