मंदीत वर्कशॉप बंद करायचं आहे: आत्ताच, की सहा महिने थांबून?

प्रश्न

नमस्कार. १४ वर्षं एक छोटं मशीन शॉप चालवतोय. तीन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि सहा माणसं. काम सगळं जॉबवर्कचं: बुश, स्पेसर, पिन, मधूनच लहान शाफ्ट. धंदा माझ्या एकट्याच्या मालकीचा, कंपनी वगैरे केलेली नाही.

७० टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचं आहे. वर्षभरात त्यांच्या ऑर्डरी अर्ध्यावर आल्या. बिलाचे पैसे ४५ दिवसांत यायचे, ते आता १२० दिवसांवर गेलेत. नवी गिऱ्हाइकं शोधत फिरलो. पण मंदी सगळ्यांनाच आहे, आणि जो दर सांगतात त्यात इन्सर्टचा (हत्याराच्या कापणाऱ्या टोकाचा) आणि विजेचाही खर्च निघत नाही. बँकेची कॅश क्रेडिट (रोजच्या खर्चासाठी उचलायच्या कर्जाची) मर्यादा जवळजवळ संपली आहे. ग्राइंडरच्या कर्जाचे १६ हप्ते बाकी आहेत.

बायकोला सगळं माहीत आहे. कामगारांना अजून काहीच सांगितलेलं नाही. सगळ्यात जुना टर्नर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. परवा त्याने विचारलं, मुलीच्या ॲडमिशनसाठी पुढच्या वर्षी उचल मिळेल का. मी "बघू" म्हणालो. तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा नाही.

आत्ताच बंद करू की सहा महिने ओढू? दर महिन्याला वाटतं, एक मोठी ऑर्डर आली की सावरेल. आणि बंद करायचंच तर सुरुवात कुठून करायची? चालू करताना सांगणारे खूप भेटले होते, बंद कसं करतात हे कुणी सांगत नाही.

उत्तर १

दादा, तुमचं वाचून माझं २००९ आठवलं. माझंही जॉबवर्कचंच होतं. लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा पेपरात वाचून बाजूला ठेवलं होतं. त्या बँकेचा आणि माझ्या बुशचा काय संबंध? दोन महिन्यांत संबंध कळला. गिऱ्हाइकाकडून एका ओळीचा निरोप आला, पुढचं शेड्यूल थांबवा.

तेव्हा मला न समजलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण थांबायचं की नाही ते त्यावरच ठरतं. वर विक्री समजा १० टक्क्यांनी घटली, तर खालच्या पुरवठादाराची ऑर्डर १० टक्क्यांनीच घटते असं नाही. मधला प्रत्येक जण आधी आपल्या स्टोअरमधला माल संपवतो आणि तोवर नवीन मागवत नाही. त्यामुळे साखळीच्या शेवटाला बसलेल्या आपल्यासारख्याची ऑर्डर अर्ध्यावर किंवा थेट शून्यावर येते. याला बुलव्हिप म्हणतात, चाबकाचं टोक जसं मुठीपेक्षा कितीतरी जोरात हलतं तसं. साठा संपला की थोडं काम परतही येतं. पण गिऱ्हाइकाने तो पार्टच बंद केला असेल किंवा दुसरीकडे नेला असेल, तर ते काम गेलं ते गेलंच.

म्हणून खरेदी खात्याला फोन करू नका, ते "बघतो" शिवाय काही सांगणार नाहीत. स्टोअरमध्ये जो माणूस तुमचा माल उतरवून घेतो, त्याला जाऊन भेटा. एकेक पार्ट नंबर घेऊन विचारा, रॅकमध्ये किती आठवड्यांचा माल आहे आणि लाइनवर रोज किती जातो. माझी पाच मिनिटांची ती चौकशी राहिली आणि मी आठ महिने वाट बघितली.

त्या आठ महिन्यांनी काय केलं ते लिहितो. पगार मी चुकवला नाही, याचा मला अभिमान वाटायचा. पण तो पैसा कुठून येत होता? हीट ट्रीटमेंटवाल्याचं बिल थांबवून, प्लेटिंगवाल्याला पुढची तारीख देऊन. प्लेटिंगवाला माझ्याहूनही लहान, तो आणि त्याचा भाऊ दोघंच. त्याचे पैसे फेडायला मला पुढे तीन वर्षं नोकरी करावी लागली. शेवटचा हप्ता द्यायला गेलो तेव्हा त्याच्याही टाक्या रिकाम्या होत्या. मंदीने त्याला मारलं असं सगळे म्हणतात. त्यात माझाही हात होता.

आज रात्री एक कागद घ्या आणि पुढच्या १३ आठवड्यांचे रकाने आखा. प्रत्येक आठवड्यात हातात खरोखर येणारी रोकड लिहा. बिलाची तारीख धरू नका, गिऱ्हाईक आता ज्या दिवशी पैसे टाकतं तो दिवस धरा. खाली पगार, भाडं, हप्ता, वीज, कर आणि पुरवठादार. त्याच्याही खाली बंद करण्याचा खर्च लिहा: कामगारांचा हिशेब, नोटिशीचा काळ, जागा मोकळी करणं. ही सगळी देणी भागवून शिल्लक शून्यावर येईल तो आठवडा म्हणजे तुमची शेवटची तारीख. त्याच्या आत बंद केलंत तर सगळ्यांचे पैसे देऊन बाहेर पडाल. त्यानंतरचा प्रत्येक दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर चाललेला असतो.

मशीनबद्दलही सांगतो. चालू असताना विका. घेणाऱ्याला जॉब काढून दाखवता आला पाहिजे. मंदीत एकाच वेळी बरीच शॉप बंद होतात आणि जुन्या मशीनचा ढीग बाजारात येतो. वीज तोडलेल्या शेडमधल्या लेथला भंगारवाला वजनाचाच भाव देतो.

उत्तर २

मी छोट्या उद्योगांचे हिशेब बघते. वरच्या दादांनी रोकडीचं बरोबर सांगितलं आहे, त्यात थोडी भर घालते.

तुमची एकट्याची मालकी आहे. म्हणजे धंद्याचं कर्ज आणि तुमचं कर्ज यांच्यामध्ये भिंतच नाही, देणं घरापर्यंत येऊ शकतं. (मर्यादित कंपनी असलेले हे वाचत असतील तर बँकेला वैयक्तिक हमी दिली आहे का ते आधी तपासा. हमी दिली असेल तर तेवढ्या कर्जापुरती तुमचीही भिंत पडली.) म्हणून उशीर तुम्हाला जास्त महाग पडेल.

बँकेकडे तुम्ही स्वतः जा, हप्ता थकायच्या आधी. ग्राइंडर कर्जावर आहे आणि कॅश क्रेडिटसाठी माल आणि येणी नजरगहाण (ताबा तुमच्याकडे, पण तारण बँकेला) असणार, बहुधा बाकीची मशीनंही. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय यातलं काहीही विकू नका, कितीही चांगलं गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. तेरा आठवड्यांचा कागद सोबत न्या. न थकलेला कर्जदार स्वतःहून आकडे घेऊन आला तर हप्ते लांबवायची किंवा मशीन विकून कर्ज मिटवायची बोलणी होऊ शकतात. खातं थकल्यावर तीच बोलणी वसुलीच्या माणसाशी करावी लागतात.

नात्यातल्या माणसाचं कर्ज आधी फेडायचा मोह होईल. मेहुण्याने अडीअडचणीला दिलेले असतात आणि त्याच्यासमोर रोज उभं राहायचं असतं. पण बाकीची देणी थकलेली असताना आपल्या माणसाला आधी दिलेले पैसे बऱ्याच देशांच्या दिवाळखोरी कायद्यात परत मागता येतात. फेडता येणार नाही हे माहीत असताना नवा माल उधारीवर उचलणंही तसंच, ते फसवणुकीच्या हद्दीत जाऊ शकतं. तुमच्या भागातला नेमका नियम वकिलाला विचारा. ती एक फी वाचवू नका.

एक फसवी गोष्ट मी दर मंदीत बघते. धंदा आटत असताना काही महिने बँकेतली शिल्लक वाढल्यासारखी दिसते, कारण जुन्या मोठ्या ऑर्डरींचे पैसे येत असतात आणि नवा कच्चा माल कमी घेतला जात असतो. माणसाला वाटतं, चला, सावरतंय. प्रत्यक्षात तुमचं खेळतं भांडवल मोकळं होत असतं. तो पैसा एकदाच येतो, आणि नेमका त्यातूनच बंद करण्याचा खर्च निघायचा असतो. तुमची येणी १२० दिवसांवर गेल्यामुळे तुम्हाला तो अजून दिसला नसेल. आला की भाड्यात घालवू नका.

आणि त्या "एक मोठी ऑर्डर आली की" बद्दल. डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधा प्रश्न मांडला होता: ३००० चं पक्कं नुकसान घ्याल, की ४००० चं नुकसान व्हायची ८० टक्के शक्यता आणि काहीच न व्हायची २० टक्के? हिशेबाने पक्कं नुकसान कमी आहे, कारण दुसऱ्याची सरासरी ३२०० येते. तरी ९२ टक्के लोकांनी जुगार निवडला. तोट्यात उभा असलेला माणूस असाच विचार करतो. त्यात तुमचा काही दोष नाही. पण सहा महिने थांबणं म्हणजे हा दुसरा पर्याय आहे, एवढं ओळखून मग ठरवा.

बाकी बारीकसारीक: कर नोंदणी रद्द करेपर्यंत विवरणपत्रं भरत राहा, काम शून्य असलं तरी. मशीन शेडमधून हलेपर्यंत विमा चालू ठेवा. भाडेकरारातली नोटिशीची मुदत आजच वाचा. वीज आणि जागेची अनामत मागायला विसरू नका.

उत्तर ३

मी मालक नाही, टर्नर आहे. लिहू की नको असं झालं होतं, पण तुमच्या त्या जुन्या माणसासाठी लिहितो.

साहेब, त्याला माहीत आहे. आम्हाला सगळ्यात आधी कळतं. आमच्या शॉपमध्ये कूलंट बदलणं थांबलं, वास यायला लागला तरी नुसतं पाणी ओतत होते. मग इन्सर्टच्या चारही कडा वापरून झाल्यावर सुपरवायझरने पुन्हा पहिलीच कडा लावायला सांगितली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीच कुणाशी बोललं नाही. मालक मात्र शेवटच्या दिवसापर्यंत "सगळं ठीक आहे" म्हणत राहिले. चांगला माणूस होता, आम्हाला घाबरवायचं नव्हतं त्यांना. पण त्या दोन महिन्यांत शेजारच्या शॉपमध्ये एक जागा निघाली होती आणि मी मालकांना अडचणीत सोडायचं नाही म्हणून गेलो नाही. नंतर ती जागा भरली. मला काम मिळायला सात महिने लागले.

तुमच्या माणसाने उचल मागितली, ती कदाचित तुम्ही काय म्हणता हे बघायलाच मागितली असेल.

तारीख सांगा. पगार कधीपर्यंत आणि हिशेब कधी, हे कागदावर द्या. कामाच्या वेळेत मुलाखतीला जाऊ द्या. आणि अनुभवाच्या दाखल्यात "प्रामाणिक व मेहनती" एवढंच लिहू नका, ते सगळ्यांच्याच दाखल्यात असतं. कुठलं मशीन, कुठलं मटेरियल, किती टॉलरन्समध्ये (मापात किती फरक चालतो त्यात) काम केलं ते लिहा. नवीन जागी पहिला प्रश्न तोच असतो.

उत्तर ४

पूर्ण बंदच का करायचं? दोन माणसं ठेवा, ग्राइंडर कुणाला तरी भाड्याने द्या, मंदी सरली की परत उभे राहा. एकदा विकलेलं मशीन त्या भावात परत मिळत नाही.

प्रश्नकर्त्याचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण सांगितलेली कामं करत होतो.

लहान करून चालवायचा हिशेब मी मांडून बघितला. विजेचं आणि इन्सर्टचं बिल कामाबरोबर कमी होतं, पण शेडचं भाडं आणि ग्राइंडरचा हप्ता तसाच राहतो. दोन माणसांचं काम तेवढं ओढू शकत नाही. जागा स्वतःची असती तर नक्की केलं असतं.

स्टोअरमध्ये जाऊन आलो. बुशचा नऊ आठवड्यांचा साठा पडलाय, म्हणजे ते काम कधीतरी परत येईल. पण स्पेसर जिथे लागतो ते मॉडेलच बंद झालंय, आणि माझी अर्धी कमाई स्पेसरवर होती. हे त्या माणसाने मला रॅक दाखवत सहज सांगितलं. त्याला वाटलं मला माहीत असेल.

तेरा आठवड्यांचा कागद केला. सगळी देणी धरून आठव्या आठवड्यात पैसा संपतो. म्हणून सहाव्या आठवड्याच्या शेवटी शेवटचा माल पाठवायचा असं ठरवलं. हातातल्या ऑर्डरी पूर्ण करतोय, नवीन घेत नाही. प्लेटिंगवाल्याला या महिन्यापासून माल उचलतानाच पैसे देतोय. बँकेत जाऊन आलो. मॅनेजरने कागद दोनदा वाचला आणि मशीनची यादी मागितली. ग्राइंडर विकून कर्ज मिटवायला परवानगी मिळेल असं वाटतंय, पण लेखी येईपर्यंत कुणाला भाव सांगणार नाही.

आज संध्याकाळी सगळे गेल्यावर जुन्या टर्नरला थांबवून सांगितलं. तुम्ही लिहिलंत तसंच झालं, त्याला माहीत होतं. मी म्हणालो, उचल देता येणार नाही, पण हिशेबाची पूर्ण रक्कम शेवटच्या दिवशी हातात मिळेल, आणि तो आकडा त्याला लिहून दिला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, मधल्या लेथचा टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) सरकलाय, लांब जॉबला टेपर येतो, एका टोकाला बारीक होतो, घेणाऱ्याला ते सांगणार ना? मी म्हणालो, सांगणार. मग तोच म्हणाला, सांगण्यापेक्षा जुळवूनच देऊ. टेस्ट बार लावला, डायल फिरवली, आठ वाजेपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. फरक दोन शतांश मिलिमीटरवर आलाय. बाकीच्या पाच जणांना उद्या सकाळी मशीन चालू करायच्या आधी सांगतोय, तोही सोबत उभा राहणार आहे.