‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा काय?

सईची_आई:
लेक पाचवीत आहे, सेमी इंग्लिश. वहीत ‘आय गोएड टु स्कूल’ लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली. आता ती विचारतेय, ‘प्लेचं प्लेड होतं, मग गोचं गोएड का नाही?’ पाठ कर म्हणून गप्प बसवू, की खरंच काही कारण आहे?

टवाळ_तुक्या:
इंग्रजांना विचारा, ताई. आम्ही छड्या खाऊन पाठ केलं.

निवृत्त_मास्तर:
छड्या मीही दिल्यात, पण कारण आहे. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ते ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. वेंड म्हणजे वळणं, वाट धरणं. आज ते ‘वेंड वन्स वे’ एवढ्यापुरतंच उरलंय. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ होता, तोही परकाच. साधारण १५०० पर्यंत त्याची जागा ‘वेंट’नं घेतली आणि बिचाऱ्या ‘वेंड’ला ‘वेंडेड’वर भागवावं लागलं. स्कॉटलंडकडे मात्र ‘गेड’ म्हणत राहिले, म्हणजे जवळजवळ सईचं ‘गोएड’च!

आणि हसण्याआधी आपल्या घरात बघा. जातो, जाईन, पण ‘जाला’ नाही, ‘गेला’. ‘जा’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. असतो-होता तसंच: एक ‘अस्’चं, दुसरं ‘भू’चं. रोज तोंडात असणारी क्रियापदंच अशी वाकडी राहतात, कारण वाकडं रूप लहानपणीच कानावर पडून पक्कं होतं. क्वचित लागणारी हळूहळू नियमात येतात. तीन वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा ते नियम लावत असतं. सईनं तेच केलं. रेघ योग्य, पण पोरीला नियम कळलाय हे बाईंनी सांगायला हवं होतं.

टवाळ_तुक्या:
म्हणजे ‘गो’ हे आपल्या ‘गम्’वरूनच चोरलेलं ना?

निवृत्त_मास्तर:
नाही रे बाबा. ‘गम्’चा सख्खा नातलग ‘गो’ नसून ‘कम’ आहे! दोन्ही एकाच आद्य धातूचे. ‘गो’ जर्मन ‘गेएन’च्या कुळातलं. आणि चोरी कोणीच केलेली नाही, पणजोबा एक होते इतकंच. आवाज जुळला की नातं जोडायचं, ही आपली खोड.

सईची_आई:
भारीच! मग ‘गॉन’ आणि ‘बीन’चा घोळही सांगून टाका. ‘ही हॅज गॉन टु पुणे’ की ‘बीन टु पुणे’?

निवृत्त_मास्तर:
दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. ‘गॉन’ म्हणजे पुण्याला गेलाय, अजून परतला नाही. ‘बीन’ म्हणजे जाऊन आलाय. म्हणून समोर बसलेला माणूस ‘आय हॅव गॉन टु पुणे’ म्हणाला तर विचारा, ‘मग इथे कोण बसलंय?’