मरू घातलेलं बोन्साय कसं जगवलंत? (अनुभव धागा)

बोन्साय मलूल झालं की घरात सगळ्यांचे हात शिवशिवतात. कोणी खताचे चार दाणे टाकतं, कोणी पाणी वाढवतं, कोणी कुंडी उन्हात नेतं, तर कोणी उन्हातून आत आणतं. हे सगळं एकाच आठवड्यात झालं, की झाड कशाने सावरलं किंवा कशाने गेलं, ते कळायला मार्गच उरत नाही. म्हणून हा धागा. काय केलंत एवढंच नको, काय करायचं थांबवलंत तेही लिहा. झाड कोणतं, गाव कोणतं, महिना कोणता, कुंडीत माती काय आणि पाणी कुठलं, हे आवर्जून सांगा. नागपूरचा मे आणि महाबळेश्वरचा मे एक नाही.

सुरुवात मीच करते. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांचं नांदरूक माझ्याकडे आलं. मनगटाएवढं खोड, सुंदर उघडी मुळं, पण पानं पिवळी पडून भराभर गळत होती. जागा बदलली की नांदरूक पानं टाकतंच, त्यामुळे नुसत्या पानगळीने मी घाबरले नाही. नखाने फांदीची साल जराशी खरवडली. शेंड्याकडे तपकिरी, कोरडी. पण खाली, खोडाजवळ, सालीखाली लख्ख हिरवा ओलसर थर. म्हणजे जीव होता.

मग कुंडीचा वास घेतला. गटारासारखा कुबट वास. झाड काढलं तर तळाशी चिकणमातीचा चिखल. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं काळं आवरण बोटांत निघून आलं आणि आत सुतासारखा धागा राहिला. ही सडलेल्या मुळाची पक्की खूण. निरोगी मूळ टणक असतं, टोकाला पांढरं असतं, असं सोलून येत नाही.

इथे उथळ कुंडीची गोम सांगते, कारण ती फार जणांच्या लक्षात येत नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच उभा करा, परत पाणी गळेल. मातीचंही तसंच. तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून राहतं, आणि ती उंची मातीच्या कणावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. त्यामुळे बारीक माती आणि उथळ ट्रे असेल तर मुळांचा बराचसा भाग कायम पाण्यात राहतो. देखण्या ट्रेमध्ये आजारी झाड सुधारणं म्हणूनच अवघड.

सडकी मुळं स्वच्छ कात्रीने कापली आणि झाड प्लॅस्टिकच्या खोल, जाळीदार परडीत लावलं. माती म्हणजे वीटचुरा आणि जाड वाळू, पिठाच्या चाळणीतून चाळून भुकटी काढून टाकलेली, वर जेमतेम मूठभर गांडूळखत. वरून पारदर्शक पिशवी सैल घातली, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. थांबवलं ते असं : खत, छाटणी, तारा, आणि दररोज मूळ धरलंय का ते बघायला झाड हलवणं. शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. पहिले कोंब फुटले तरी खत दिलं नाही, ती पानं पूर्ण उघडून जून होईपर्यंत थांबले. कोंब आधी खोडातल्या साठ्यावरही फुटतात, मुळं तयार झाल्याची ती खात्री नव्हे.

नागपूरहून

आमच्याकडे प्रश्न मे महिन्याचा. पारा पंचेचाळीसला जातो आणि गच्चीचा स्लॅब संध्याकाळीही हात लावू देत नाही. बोगनवेलीचं बोन्साय वरून सुकत गेलं. पाणी रोज घालत होतोच, पण नीट पाहिल्यावर कळलं की मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटलाय; पाणी त्या फटीतून सरळ खाली जातंय आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत. मग घमेल्यात पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवली, काढून निथळू दिली. कुंड्या स्लॅबवरून उचलून लाकडी फळीवर घेतल्या, वर हिरवी जाळी बांधली.

थांबवलं काय, तर वाळक्या दिसणाऱ्या फांद्या तोडणं. घरचे म्हणत होते, काड्या कशाला ठेवता? पाऊस सुरू झाल्यावर त्यातल्याच कितीतरी काड्यांना डोळे फुटले. बोगनवेलीच्या काडीवर पावसाळ्याआधी निकाल देऊ नये.

रत्नागिरीहून

वडिलांनी वाढवलेलं वडाचं बोन्साय आहे. दोन वर्षांपूर्वी एका बाजूची मुळं बुरशीने गेली आणि त्याच बाजूची साल पहिल्या फांदीपर्यंत वाळत चालली. दुसरी बाजू ठणठणीत. अशा वेळी नुसती माती बदलून भागत नाही, त्या बाजूला मूळच राहिलेलं नसतं. आमच्याकडे आंब्याची कलमं बांधणारे एक काका येतात, त्यांनी झाड पाहिलं आणि म्हणाले, "मुळं नाहीत ना? मग आणून लाव." त्यांनी सुचवली ती भेट कलम, म्हणजे मुळासकट रोप झाडाच्या सालीला जोडणं. हल्ली आंब्याला कोय कलमच जास्त करतात, पण जुन्या लोकांच्या हातात भेट कलम अजून आहे.

विहिरीच्या जांभ्याच्या बांधकामात वडाची रोपं उगवतातच. ती काढायचीच असतात, नाहीतर चिरे फोडतात. त्यातली तीन अलगद सोडवून आणली आणि छोट्या पिशव्यांत पेन्सिलीएवढी जाड होऊ दिली. पाऊस लागल्यावर बोन्सायच्या बुंध्याशी, जिथे साल अजून जिवंत होती तिथे, रोपाच्या जाडीची खाच घेतली. रोपाचीही एका बाजूची साल तेवढीच तासली. हिरवा थर हिरव्या थराला भिडला पाहिजे, सगळं काम तिथे आहे. चीक ओल्या फडक्याने पुसत राहायचा. मग कलमाच्या पट्टीने घट्ट आवळलं आणि रोपाची मुळं कुंडीतच मोकळ्या बाजूला लावली.

यात थांबवायचं ते रोपाचा शेंडा कापणं. लोक आठ-पंधरा दिवसांत कापून मोकळे होतात. रोपाला स्वतःची पानं असली तरच ते जाडावतं, आणि जाडावलं तरच खाचेत रुतून एकजीव होतं. आम्ही शेंडा पुढच्या पावसापर्यंत ठेवला. पट्टी रुतायला लागली तेव्हा सैल करून पुन्हा बांधली. तीनपैकी दोन रोपं धरली, एक सुटलं. आज ती दोन बुंध्याची मुळंच झाली आहेत. वाळलेली साल परत आली नाही, तो भाग पोकळ आहे, पण कडेने नवी साल गोल वळून आत येते आहे. रोज सकाळी मी तिथे बोट फिरवून बघतो. वडिलांना ते झाड दाखवता आलं, याचा मला फार आनंद आहे.

डोंबिवलीहून, रत्नागिरीच्या दादांना

दादा, खालची मुळं खराब होती तर वर गुटी बांधून, म्हणजे खोडावरच नवी मुळं फुटवून, नवं झाड का नाही काढलंत?

रत्नागिरीहून

ताई, गुटीत आपण सालीचं कडं काढतो, पण आतलं लाकूड पाणी वर चढवत राहतं, आणि ते पाणी येतं खालच्या मुळांतूनच. नवी मुळं फुटेपर्यंत जुनी कामावर हवीत. शिवाय कडं काढलं की पानांतलं अन्न खाली जायचं थांबतं, म्हणजे आजारी मुळांची उपासमार. निरोगी झाडाचा बुंधा आवडत नसेल तर गुटी उत्तम. मुळं जात असताना मी करणार नाही.

न्यू जर्सीहून

माझं जुनिपर (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) भेट आलेलं. वर सुंदर गुळगुळीत खडे, आणि ते मातीला गोंदाने चिकटवलेले! पाणी आत जायला जागाच नव्हती. स्क्रू ड्रायव्हरने एकेक खडा उचकटला. इथल्या मराठी मंडळींना एवढंच सांगायचं आहे की जुनिपर हे घरात ठेवायचं झाड नाही आणि त्याच्या रंगावर विसंबू नका. मुळं मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवं दिसतं. शेंडा बोटांत चुरून बघा. जिवंत असेल तर लवचिक लागतो, मेला असेल तर कुरकुरीत होऊन चुरा होतो.

मी थांबवलं ते थंडीत झाड घरात आणणं. थंडीची विश्रांती त्याला लागतेच. मात्र कुंडीतली मुळं जमिनीतल्यापेक्षा लवकर गोठतात, म्हणून कुंडी वाफ्यात काठापर्यंत पुरून वर पालापाचोळ्याचा थर दिला.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये जमलं तर जरूर जा. तिथे १६२५ पासून सांभाळलेलं एक पांढरं पाइन आहे. १९४५ साली हिरोशिमात भिंतीच्या आडोशाने ते वाचलं, १९७६ साली यामाकी कुटुंबाच्या मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, आणि २००१ मध्ये त्यांचे नातू पाहायला आले तेव्हा तिथल्या लोकांना त्याचा हिरोशिमाचा इतिहास कळला. त्या झाडासमोर मी बराच वेळ उभा होतो.

छत्रपती संभाजीनगरहून

धागाकर्त्या ताईंचं "खत नको" मला सरसकट पटत नाही. माझ्या कामिनीची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. कुंडीच्या काठावर पांढरा थर. आमचं पाणी बोअरचं, जड. मुळं काढून पाहिली तर टणक, पांढरी. म्हणजे आजार मुळांत नव्हताच, क्षारांमुळे लोह असूनही झाडाला उचलता येत नव्हतं. पावसाचं पाणी पिंपात साठवून त्याने कुंडी दोन-तीनदा भरपूर धुऊन काढली आणि चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) दिलं. जुनी पानं फारशी सुधारली नाहीत, नवी हिरवी आली. इथे लोह नाकारणं चुकीचंच ठरलं असतं. आधी मुळं बघा, मग खताचं ठरवा.

(धागाकर्ती : मान्य. "मुळं सडत असतील तर खत नको" असं म्हणायला हवं.)

दादरहून

जेडच्या पेरांत पिठ्या ढेकूण होते. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसला. पण मुंग्यांची वाट बंद करेपर्यंत ते परत परत येत होते. मुंग्या त्यांच्या गोड रसासाठी त्यांना जपतात. कुंडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यावर सुटका झाली. मुळांतही बघा, तिथेही पांढरा कापूस दिसतो. आणि जेड असेल तर पाणी आधी कमी करा.

नाशिकहून

माझी चिंच वाचली नाही, तरी लिहिते. बुंध्याशी लाकडाचा बारीक भुसा दिसला तोवर खोडकिड्याने सालीखालून जवळजवळ पूर्ण वळसा पोखरला होता. वरून पानं हिरवी होती, म्हणून कोणालाच शंका आली नाही. जुन्या, जाड खोडाचं झाड विकत घेताना टॉर्च घेऊन बुंधा सगळीकडून बघा, भोक आणि भुसा शोधा. फार जीव होता तिच्यावर.

मालवणहून

सुरूचं बोन्साय आहे. हिरव्या काड्या गवतासारख्या पिवळट होताहेत. मुळं धुऊन नवी माती देऊ का?

धागाकर्ती

धुऊ नका. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. माती पूर्ण झाडली की त्याही जातात, आणि सुरूला उघडी मुळं मुळीच सोसत नाहीत. शिवाय ते पाणीप्रिय झाड आहे, एकदा गोळा कोरडा पडला तरी काड्या वाळतात. आधी कुंडी बुडवून गोळा आतपर्यंत भिजतोय का बघा. भिजत असेल तर तळाची भोकं तपासा. मग गोळा न फोडता एक माप मोठ्या कुंडीत सरकवा आणि कडेने वाळू-वीटचुरा भरा. सावलीत ठेवा, आणि नवी हिरवी टोकं दिसल्यावर इथे कळवा. तोवर कात्री लावू नका.